मनगटाखालची पट्टी

मिस्त्री नऊ वर्षं डॉक्टरांच्या माडीवर जात होता, पण बसायचा दाराजवळच्या स्टुलावर.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी तीन वाजता, खालचा दातांचा दवाखाना बंद असताना, वरच्या खोलीत पाचसहा जण जमायचे. सगळ्यांना एकच वेड होतं. जुने चिनी कुंचले, शाई घासायचे दगड, शाईच्या कांड्या, दगडावर पाण्याचा एकेक थेंब सोडायच्या बोटभर झाऱ्या, कुंचले उभे ठेवायचे कोरीव पेले. दोनतीनशे वर्षांपूर्वी तिथल्या विद्वानाच्या मेजावर जे जे असायचं ते ते ही मंडळी जमवायची. घर डॉक्टरांचं, कपाटं डॉक्टरांची, त्यामुळे शेवटचा शब्दही डॉक्टरांचा. शेजारी वकील बसायचे. ते डॉक्टरांच्या आधी हसायचे नाहीत आणि नंतर थांबायचे नाहीत.

मिस्त्री त्यांच्यातला नव्हता. गल्लीच्या तोंडाशी त्याचं फर्निचर दुरुस्तीचं दुकान होतं. जुन्या पेट्यांच्या बिजागऱ्या, पेल्यांच्या चिरा, उडालेलं लाखकाम तो असं बसवायचा की कुठे काय झालं होतं ते मालकालाही सापडू नये. म्हणून त्याला बोलवायचे. वस्तू हातोहात फिरत त्याच्यापर्यंत यायची ती फक्त मोडलेली असली तर.

त्या मंडळींत एक नकाशेवाले होते. भूमापन खात्यात एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन, लग्न नाही, थोरल्या बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहायचे. खिशात कायम एक छोटा कॅलिपर, जाडी मोजायचा चिमटा, असायचा आणि वस्तू हातात आली की आधी तो बाहेर निघायचा. पाठीमागे सगळे त्यांना मोजपट्टी म्हणत. त्यांचा एक ठरलेला विषय होता. "सगळे मंत्र्यासंत्र्यांचे हस्तिदंती कुंचले जमवतात," ते म्हणायचे, "पण ज्या कारकुनांनी नद्या मोजल्या, गावांच्या हद्दी काढल्या, त्यांचे कुंचले कुठे गेले? कुणी ठेवलेच नाहीत." दर दोनतीन महिन्यांनी हे यायचं आणि वकील डॉक्टरांकडे बघून डोळा मिचकवायचे.

एका रविवारी बाहेरगावचे एक नामांकित संग्राहक पाहुणे म्हणून आले होते. डॉक्टरांनी आपला सगळ्यात लाडका हस्तिदंती कुंचला मखमलीवर ठेवून पुढे केला. पाहुण्यांनी वाखाणला. नकाशेवाल्यांनी कॅलिपर लावला आणि अगदी साधेपणाने म्हणाले, "टोपण दुसऱ्या कुंचल्याचं आहे. अर्धा मिलिमीटर कमी पडत होतं म्हणून आतून घासलंय. दांडी मात्र सुंदर."

पाहुण्यांनी पुन्हा बघितलं आणि कुंचला मखमलीवर ठेवून दिला. डॉक्टर हसले. "आमच्या यांच्या तावडीतून काही सुटत नाही," म्हणाले.

त्याच आठवड्यात डॉक्टर स्वतः मिस्त्रीच्या दुकानात आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"एक काम आहे. गमतीचं," ते म्हणाले. "एक कुंचला करायचा. तीनशे वर्षांपूर्वीचा."

मिस्त्रीने हातातला रंधा खाली ठेवला. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. नकाशा काढणाऱ्या कारकुनाचा कुंचला. बांबूची दांडी, तिच्यावर जुन्या चिनी इंचाच्या खुणा, प्रत्येक इंचाचे दहा भाग. खाली चार बारीक अक्षरं, ती वकिलांनी एका पुस्तकातून शोधून ठेवली होती. अर्थ साधारण असा, की नदी वळेल तिथे वळ.

"आणि पुढे?"

"पुढे वार्षिक बैठकीत सांगून टाकू. हसू सगळे. मोजपट्टीही हसेल. बदल्यात त्याचं जे घेऊ ते परत देऊ, त्यात काय एवढं."

"माझ्याकडे जुना बांबू पडलाय. तो वापरला तर कुणाच्या बापालाही कळणार नाही."

"नको. नवाच घ्या. शेवटी तासून दाखवायचाय ना." डॉक्टर दारापर्यंत गेले आणि वळले. "आणि ते स्टूल आता पुरे झालं हो, मिस्त्री. पुढच्या खेपेपासून टेबलाशी बसत जा."

मिस्त्रीने ते काम जीव ओतून केलं. बांबू कडक चहात उकळला, गंजक्या खिळ्यांच्या पाण्यात ठेवला, भुशाच्या धुरावर धरला. भिंगाखाली खुणा पाडल्या. कसरीने खाल्लेल्या एका टाकाऊ कुंचल्याचे केस काढून बसवले. मग अकरा दिवस जाता-येता दांडी स्वतःच्या तळहाताने चोळली.

"इतक्या मायेनं माझं कपाट कधी दुरुस्त केलं नाहीत," बायको म्हणाली.

रविवारी कुंचला टेबलावर आला. मिस्त्री त्या दिवशी खुर्चीवर बसला होता आणि कप कुठे ठेवावा ते त्याला कळत नव्हतं. नकाशेवाल्यांनी कुंचला उचलला आणि बोलता बोलता थांबले. कॅलिपर लावला. एक खूण, दुसरी, तिसरी. त्यांचे कान लाल झाले.

"दहा भाग आहेत," ते हळू म्हणाले. "जुन्या इंचाचे."

"असतील," डॉक्टर म्हणाले. "मला त्यात रस नाही. कुणाला हवा असेल तर बदलाबदली करू. तुमची ती मनगटाची पट्टी द्या, उदाहरणार्थ."

ती पट्टी सगळ्यांना माहीत होती. बांबूचा उभा चिरलेला तुकडा, वीतभर लांब, कौलासारखा वाकलेला. लिहिताना मनगटाखाली ठेवायचा, म्हणजे ओली शाई बाहीने फिसकटत नाही. पाठीवर एक होडी कोरलेली आणि होडीत पाठमोरा बसलेला एक माणूस कान खाजवतोय. नकाशेवाल्यांना ती सव्विसाव्या वर्षी एका भंगारवाल्याच्या खोक्यात मिळाली होती. संग्राहकांच्या दृष्टीने ती कपाटात ठेवायची वस्तू. त्यांनी ती एकतीस वर्षं रोज ऑफिसात वापरली. अर्ध्या जिल्ह्याचे नकाशे त्या पट्टीवर हात टेकून झाले होते आणि होडीच्या वरची बाजू त्यांच्या मनगटाने काचेसारखी गुळगुळीत झाली होती. डॉक्टरांनी ती कितीदा मागितली होती. ते फक्त मान हलवायचे.

या वेळी त्यांनी तीन आठवडे घेतले आणि चौथ्या आठवड्यात पट्टी रुमालात गुंडाळून आणून दिली.

दुसऱ्याच दिवशी ते मिस्त्रीच्या दुकानात आले. कुंचल्यासाठी पेटी करून हवी होती.

"तुम्ही सांगा," ते म्हणाले. "मला डोळा आहे, पण हात तुमचा. तुमच्या हाताला काय वाटतं याच्याबद्दल?"

मिस्त्रीला असं कधी कुणी विचारलं नव्हतं. त्याने आपणच केलेला कुंचला हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाला, "काम चांगलं आहे."

नकाशेवाल्यांनी खिशातली वही काढून तारीख घातली आणि त्याच्यासमोर लिहिलं: जाणकार कारागिराच्या मते काम चांगलं.

त्यानंतर ते दर आठवड्याला यायला लागले. कधी पेटीच्या आतल्या कापडाचं निमित्त, कधी नुसतंच. ते चिनी अक्षरं शिकत होते. जुने नकाशे मागवून त्यातल्या रेषांची जाडी मोजत होते. त्यांचा हात अलीकडे कापायचा, तरी डाव्या हाताने उजवा धरून त्यांनी तक्ते काढले होते. मिस्त्रीला ते घरीही घेऊन गेले. दुसरा मजला, खिडकीशी उतरतं मोठं टेबल, बाजूला टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली त्यांची अक्का. तिने मिस्त्रीला चांगल्या कपात चहा दिला, आणि तो उभा आहे म्हटल्यावर खुर्ची पुढे ओढली.

नकाशेवाले आतून एक कागद आणायला गेले तेव्हा ती म्हणाली, "निवृत्त झाल्यापासून हा नुसता भिंतीकडे बघत बसायचा. आता सकाळी गुणगुणतो. पट्टी दिली तेव्हा दोन दिवस मी बोलले नाही याच्याशी. आता वाटतं, बरं झालं दिली ते."

मिस्त्रीने चहा संपवला. चहा फार गोड होता.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, तशीच निवडत राहिली.

"उद्या जाऊन सांगा त्यांना."

"डॉक्टर परत देणार आहेत ना पट्टी. गंमत आहे ती."

"देणार आहेत तर मग उद्याच सांगायला काय हरकत आहे?"

तो उठून बाहेर गेला. त्याला माहीत होतं की सांगितलं तर टेबलाशी बसणं संपलं. आणि न सांगता दिवस जातील तसं सांगणं आणखी अवघड होत जाईल हेही त्याला कळत होतं. असे आठ महिने गेले.

वार्षिक बैठकीला बाहेरगावचे ते पाहुणेही आले होते. मिस्त्री मुद्दाम लवकर जाऊन जिन्यात उभा राहिला. आज वरती जायच्या आधी सांगून टाकू, त्याने ठरवलं होतं. नकाशेवाले अक्काचा हात धरून आले. कोटाला इस्त्री होती, बगलेत चाळीस पानांचा निबंध होता.

"बरं झालं भेटलात," ते म्हणाले. "आज माझ्या शेजारी बसा. जीभ अडखळली तर तुमच्याकडे बघेन."

"हो," मिस्त्री म्हणाला, आणि त्यांच्या मागोमाग वर गेला.

निबंध पाऊण तास चालला. सुरुवातीला आवाज कापत होता, मग स्थिर झाला. कोण होती ही माणसं, किती चालायची, पुरात मोजमाप कसं करायची, एका रेषेला किती वेळ लागायचा. ते पाहून आल्यासारखे सांगत होते. पाहुणे पुढे झुकून ऐकत होते. संपल्यावर टाळ्या पहिल्यांदा डॉक्टरांनी वाजवल्या.

"फारच छान," डॉक्टर म्हणाले. "एक बारीक शंका आहे. बघू तो कुंचला."

नकाशेवाल्यांनी पेटी उघडून दिली. डॉक्टरांनी खिशातून दवाखान्यातली सुरी काढली आणि कुणाला काही कळायच्या आत दांडीवर खालपासून वर एक लांब काप घेतला. तपकिरी साल वळून पडली. आत बांबू पांढराफटक होता.

"तीनशे वर्षांचा बांबू आतपर्यंत तपकिरी होतो, हे आपण सगळे जाणतो," डॉक्टर म्हणाले. "याचं वय नऊ महिने. जन्मस्थान, कोपऱ्यावरचं मिस्त्रींचं दुकान. नद्यांची मोजणी वगैरे त्या भागात काही झाल्याचं ऐकिवात नाही."

वकील हसले. मग बाकीचे हसले. पाहुणे आधी हसले नाहीत, पण मग त्यांनीही तोंडावर रुमाल धरला.

"म्हणजे काय?" अक्का शेजारच्याला विचारत होती. "काय झालं? हसताय का?" तिला कुणी सांगितलं नाही.

नकाशेवाले त्या पांढऱ्या कापाकडे बघत होते. मग त्यांनी शेजारी मान वळवली.

"मिस्त्री, तुम्ही?"

"हो."

"खुणासुद्धा?"

"हो."

"खुणा छान पाडल्यात," ते म्हणाले. ते उपहासाने म्हणाले नाहीत, आणि मिस्त्रीला ते जास्त लागलं. मग ते निबंधाची पानं क्रमाने लावायला लागले, पण ती लागेनात. शेवटी अक्काने सगळी गोळा करून पिशवीत कोंबली.

"चला, आता त्यांची पट्टी देऊन टाका," वकील डोळे पुसत म्हणाले.

"का बरं?" डॉक्टर म्हणाले. "त्यांनी तपासून, मोजून, तीन आठवडे विचार करून बदलाबदली केली. दुसऱ्याच्या कुंचल्याचं टोपण ज्यांना दिसतं त्यांना एवढंही दिसू नये? दातांसारखी नजरही अधूनमधून तपासून घ्यावी माणसाने. पट्टी म्हणजे तपासणीची फी समजा."

आता तरी मिस्त्री काही बोलेल असं वकिलांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी त्याच्याकडे बघितलं. मिस्त्री टेबलावरच्या सालीकडे बघत राहिला. बहीणभाऊ जिना उतरत गेल्याचा आवाज बराच वेळ येत होता. अक्काचे गुडघे दुखायचे.

नकाशेवाले त्यानंतर आले नाहीत. मिस्त्री येत राहिला. टेबलाशी त्याला आता कुणी काही विचारत नसे, पण खुर्ची होती.

पाच महिन्यांनी हवा कोरडी झाली आणि पट्टीच्या कडेला केसासारखी चीर गेली. डॉक्टरांनी ती दुरुस्तीला दिली. "सावकाश करा," म्हणाले, "घाई नाही."

मिस्त्रीने पट्टी कापडावर ठेवली आणि दिवसभर तिला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानाच्या माळ्यावरून तो जुना बांबू खाली काढला.

या वेळी सात आठवडे लागले. होडी, होडीतला माणूस, त्याचा कानाकडे गेलेला हात, सदऱ्याच्या पाठीवरच्या तीन सुरकुत्या. सगळ्यात अवघड गेली ती वरची गुळगुळीत जागा. ती मनगटाशिवाय दुसऱ्या कशानेच येईना, म्हणून त्याने ती रोज स्वतःच्या मनगटाखाली घासली. कातडी सोलवटली तेव्हा मनगटाला चिंधी बांधून घासली. बायकोने या वेळी काही विचारलं नाही. तिने मलम आणून ठेवलं.

त्याने खऱ्या पट्टीची चीर भरली. नकलेला तशीच चीर पाडली आणि तीही भरली. मग नक्कल डॉक्टरांना नेऊन दिली. डॉक्टरांनी दात बघायचं भिंग डोळ्यांना लावलं.

"कळतसुद्धा नाही हो कुठे चीर होती," ते म्हणाले आणि पट्टी काचेच्या कपाटात ठेवून किल्ली फिरवली.

गल्लीत आल्यावर मिस्त्रीला हसू फुटलं. किती महिन्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खरी पट्टी कापडात गुंडाळून नकाशेवाल्यांच्या दारात उभा राहिला. अक्काने दार साखळीपुरतं उघडलं, बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, आणि आत बघून म्हणाली, "तो आलाय."

"येऊ दे," आतून आवाज आला.

खिडकीशी उतरतं टेबल होतं, त्यावर काही नव्हतं. भिंतीला लागून पुठ्ठ्याची खोकी रचलेली होती. नकाशेवाले वाळले होते. कॅलिपर खिशात नव्हता.

"सगळं देऊन टाकतोय," त्यांनी खोक्यांकडे बोट केलं. "एका शाळेला. त्यांना सांगितलंय, खरं असेल असं समजू नका. मुलांना रंगवायला होईल."

मिस्त्रीने कापड उलगडून पट्टी टेबलावर ठेवली. "तुमची आहे. डॉक्टरांना माहीत नाही. त्यांच्याकडे मी दुसरी करून ठेवलीये."

नकाशेवाल्यांनी ती लगेच उचलली नाही. मग उचलली, खिडकीशी नेली. होडीवरून अंगठा फिरवला. पट्टी टेबलावर ठेवून तिच्यावर मनगट टेकवलं, आणि क्षणभर त्यांचा चेहरा असा झाला की मिस्त्रीने मान खाली घातली.

"बसतेय," ते म्हणाले. "बरोबर बसतेय."

"बसणारच. तुमचीच आहे."

"कडेला चीर भरलीये. माझ्या पट्टीला चीर नव्हती."

"डॉक्टरांकडे गेली. मी भरली."

"तुम्ही दोन केल्यात, का एक?"

"एक. ती त्यांच्याकडे आहे. शपथ घेऊन सांगतो."

"मी तो कुंचला आठ महिने भिंगाखाली बघितला, मिस्त्री," ते शांतपणे म्हणाले. "तेव्हाही सगळं बरोबर होतं. खुणा बरोबर, वजन बरोबर. तुम्ही माझ्या शेजारी बसला होता. आता हीही बरोबर आहे. मला काय कळणार? डॉक्टरांनी पाठवलं तुम्हाला?"

"नाही हो."

"वर्षभराने पुन्हा बोलावणार असतील. पाहुण्यांसमोर."

"नाही. अहो, ऐका तरी."

"ऐकतोय ना," ते म्हणाले. त्यांनी पट्टी दोन्ही हातांत धरली, टेबलाच्या कडेवर ठेवली आणि अंगाचा भार टाकला. मिस्त्रीने हात पुढे केला तोवर उशीर झाला होता. फार मोठा आवाज नाही झाला. पट्टी उभी फाटली, होडी एका तुकड्यात आणि माणूस दुसऱ्यात.

नकाशेवाल्यांनी एक तुकडा उजेडाकडे धरला आणि फाटलेली कड बघितली. मग दुसरा तुकडा उचलून त्याचीही बघितली. आत पांढरं कुठे नव्हतं. सालीपासून गाभ्यापर्यंत एकच रंग होता, जुन्या खजुरासारखा.

ते खुर्चीवर बसले. दोन्ही तुकडे मांडीवर होते.

"मी जोडून देतो," मिस्त्री म्हणाला. "कळणारसुद्धा नाही."

"नको."

"आत्ता नेतो, उद्या सकाळी—"

"जोडू नका," नकाशेवाले म्हणाले. "तुम्ही आता कशालाच हात लावू नका."

अक्का दारात येऊन उभी होती. तिने तुकड्यांकडे बघितलं, भावाकडे बघितलं, आणि मिस्त्रीच्या हातात त्याचं रिकामं कापड घडी करून दिलं. तो बाहेर पडल्यावर तिने साखळी लावली.

दुकान उघडायचं सोडून तो घरी गेला. बायको वाट बघत होती. तिने पाणी दिलं आणि समोर बसली.

"दिलीत?"

"दिली."

"काय म्हणाले?"

मिस्त्रीने पेला रिकामा केला.

"काही नाही," तो म्हणाला. "ठेवून घेतली."

"बघा," ती म्हणाली, "बरं वाटलं ना आता?" आणि कितीतरी दिवसांनी ती त्याच्याकडे बघून हसली.